कॉलेजात आपली किती मुलं गेली, किती टिकली? विद्यापीठांची मोजणी कशी चालते, समजून घेऊ या

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन येतात. ॲडमिशन कुठे मिळेल, मायनॉरिटीच्या सीट किती, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी सुटणार. दीड-दोन वर्षांनी त्यातल्याच काही घरांतून पुन्हा फोन येतो. या वेळी आवाज खाली असतो. मुलगा एफवायला तीन विषयांत अडकला आणि आता अब्बांबरोबर दुकानात बसतोय. किंवा स्कॉलरशिप आलीच नाही, दुसऱ्या वर्षाची फी भरता आली नाही, मुलगी घरी बसली.

ॲडमिशन झाल्याची नोंद सरकारदरबारी होते. घरी बसल्याची होते का? हा लेख त्याच प्रश्नावर आहे. विद्यापीठं आणि कॉलेजं विद्यार्थ्यांची मोजणी कशी करतात, त्या मोजणीत मुस्लिम विद्यार्थी कुठे दिसतो आणि कुठे दिसेनासा होतो, आणि अडचण आली तर नियमांत कोणती दारं आहेत, हे एका ठिकाणी मांडायचा प्रयत्न आम्ही केला आहे.

मोठा आकडा कुठून येतो

देशातल्या उच्च शिक्षणाचे आकडे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातून येतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एआयएसएचई म्हणतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालय २०१०-११ पासून हे सर्वेक्षण करतं. प्रत्येक विद्यापीठ, कॉलेज आणि स्वतंत्र संस्थेला त्यासाठी एक कोड मिळतो, आणि संस्थेतला नोडल अधिकारी दरवर्षी ऑनलाइन फॉर्म भरतो. नोडल अधिकारी म्हटलं तरी बऱ्याच कॉलेजांत तो एखादा प्राध्यापक असतो, शिकवणं आणि पेपर तपासणं सांभाळून हे काम करणारा.

हा आकडा वाचायचा तर फॉर्मचा तक्ता समजून घ्यावा लागतो. त्यात विद्यार्थी आधी सामाजिक प्रवर्गांत विभागले जातात: खुला, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी, ओबीसी. मग प्रत्येक प्रवर्गाखाली विचारलं जातं की यातले दिव्यांग किती, मुस्लिम अल्पसंख्याक किती, इतर अल्पसंख्याक किती. म्हणजे मुस्लिम हा वेगळा प्रवर्ग नाही, प्रवर्गाच्या पोटातली ओळ आहे. तांबोळी समाजाचा मुलगा ओबीसीतही मोजला जातो आणि ओबीसीखालच्या मुस्लिम ओळीतही. शेख आडनावाचा खुल्या गटातला मुलगा खुल्यात आणि तिथल्या मुस्लिम ओळीत. पण प्रवेश अर्जावर अल्पसंख्याकाचा रकाना रिकामा राहिला असेल, तर प्रवर्गाचा आकडा बरोबर येतो आणि मुस्लिम ओळीतून ते नाव गळतं. म्हणून फॉर्म भरताना 'काय फरक पडतो' म्हणून तो रकाना सोडू नका. फरक पडतो.

आता आकडे. २०१९-२० मध्ये देशातल्या उच्च शिक्षणात मुस्लिम विद्यार्थी होते २१,००,८६०. २०२०-२१ मध्ये ते १९,२१,७१३ वर आले. एका वर्षात पावणेदोन लाखांहून जास्त कमी. ते कोविडचं वर्ष होतं, आणि त्याच वर्षी माहिती गोळा करण्याची ऑनलाइन पद्धतही नव्याने सुरू झाली, त्यामुळे घसरणीचा काही भाग मोजणीतल्या बदलाचाही असू शकतो. २०२१-२२ मध्ये आकडा पुन्हा २१.०८ लाखांच्या आसपास आला. म्हणून काहींनी सुटकेचा श्वास सोडला. आम्ही नाही सोडला. कारण याच दोन वर्षांत देशातले एकूण विद्यार्थी ३.८५ कोटींवरून ४.३३ कोटींवर गेले. सगळ्यांचे मिळून सुमारे ४७ लाख वाढले, आपण होतो तिथेच राहिलो. एकूण विद्यार्थ्यांमधला आपला वाटा ५.४५ टक्क्यांवरून ४.८७ टक्क्यांवर उतरला. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम १४.२ टक्के होते, महाराष्ट्रात ११.५४ टक्के.

लांबून पाहिलं तर वाढ आहे, हेही सांगायला हवं. २०१४-१५ मध्ये मुस्लिम विद्यार्थी १५.३४ लाख होते. न्या. राजिंदर सच्चर समितीने २००६ मध्ये लिहिलं होतं की वीस वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहून कमी आहेत, आणि नामवंत कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, पदव्युत्तरला पन्नासांमागे एक. तिथून आपण पुढे आलो आहोत. पण बाकीचे जास्त वेगाने पुढे गेले.

एक त्रुटी मात्र खटकते. सर्वेक्षणात सकल नोंदणी गुणोत्तर, म्हणजे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी विद्यार्थ्यांचं प्रमाण, काढलं जातं. २०२१-२२ मध्ये ते देशासाठी २८.४, अनुसूचित जातींसाठी २५.९ आणि जमातींसाठी २१.२ होतं. मुस्लिमांसाठी हे गुणोत्तर त्या तक्त्यात दिलेलंच नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने २०३५ पर्यंत हे गुणोत्तर ५० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आहे. ज्या गटाचं गुणोत्तर छापलंच जात नाही, तो या शर्यतीत कितवा आहे हे विचारायची सोयच उरत नाही.

आत आलेला पुढे जातो का

प्रवेशाची मोजणी हा अर्धाच भाग. एआयएसएचई त्या-त्या वर्षाचं चित्र देतं. एफवायला किती, टीवायला किती, अंतिम परीक्षेत किती पास. पण अमुक वर्षी आत आलेल्या शंभर मुलांपैकी तीन वर्षांनी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हे या चित्रांवरून थेट कळत नाही. कोणी कॉलेज बदललं, कोणी एटीकेटीवर अडकलं, कोणी सोडून गेलं, सगळे एकाच वजाबाकीत मिसळतात.

इंग्लंडमध्ये हे वेगळ्या रीतीने होतं. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद वर्षानुवर्षं पुढे नेली जाते आणि त्यात धर्माचीही माहिती घेतली जाते. ऑफिस फॉर स्टुडंट्स ही नियामक संस्था २०१८ पासून काम करते. मूळ मर्यादेपेक्षा जास्त फी घ्यायची असेल तर विद्यापीठाला आधी तिच्याकडे योजना मंजूर करून घ्यावी लागते: कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांचा प्रवेश, पहिल्या वर्षानंतर टिकून राहणं, अभ्यासक्रम पूर्ण होणं, मिळालेली श्रेणी आणि नंतरची नोकरी किंवा पुढचं शिक्षण, यातल्या दऱ्या आपण कशा कमी करणार. जास्त फी हवी, तर हिशेब दाखवा. तिथल्या व्यवस्थेत दोष नाहीत असं नाही, पण दाखल आणि टिकलेले हे दोन वेगळे आकडे तिथे मानले जातात.

आपल्याकडे त्या दिशेने जाणारी गोष्ट म्हणजे ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. जुलै २०२१ पासून ही सोय आली. आता त्याला अपार आयडी जोडला जातो, बारा अंकी. विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट या खात्यात जमा होतात. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांत नवं धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात एका वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. क्रेडिट साधारण सात वर्षं वैध राहतात.

यात फायदा खरा आहे. लग्नानंतर किंवा घरच्या आजारपणामुळे शिक्षण थांबलेल्या मुलीला परत यायचं झालं तर आधीचं वर्ष फुकट जात नाही. पण आमची एक धास्ती आहे. काल जो गळती म्हणून मोजला गेला असता, तो उद्या 'प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला' म्हणून मोजला जाईल. कागदावर गळती घटेल. मोहल्ल्यात मात्र पोरगा त्याच गॅरेजवर असेल. मुलं बाहेर पडताना हे प्रमाणपत्र कोणत्या गटातली जास्त घेतात, याचा वेगळा आकडा विद्यापीठांनी दिला पाहिजे.

तुमच्या कॉलेजचा हिशेब घरी बसून कसा पाहायचा

बऱ्याच पालकांना माहीत नसतं की काही आकडे कॉलेजच्या वेबसाइटवरच पडलेले असतात. रँकिंगसाठी एनआयआरएफकडे जी कॉलेजं माहिती पाठवतात, त्यांना ती पीडीएफ आपल्या साइटवर ठेवावी लागते. ती उघडा. त्यात एका ओळीत दिसतं की अमुक वर्षी पहिल्या वर्षाला किती जण घेतले, आणि त्या तुकडीतले किती जण ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले. समजा १२० घेतले आणि ७८ मुदतीत बाहेर पडले, तर ४२ जण कुठेतरी अडकले किंवा सुटले. प्रवेश घेण्याआधी इमारत आणि कॅन्टीन पाहतो, तशी ही ओळही पाहावी. सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थी किती, त्यातल्या किती जणांची पूर्ण फी सरकारने, संस्थेने किंवा दात्यांनी भरली, हेही त्याच कागदावर असतं. धर्मनिहाय आकडा तिथे नसतो.

दुसरा कागद नॅकचा. मूल्यांकनाच्या वेळी कॉलेज स्वयंमूल्यांकन अहवाल देतं, आणि दरवर्षी गुणवत्ता हमी अहवाल. त्यातल्या दुसऱ्या निकषात राखीव जागा किती भरल्या, विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या गरजा कशा सांभाळल्या आणि पास होण्याचं प्रमाण किती हे येतं. पाचव्या निकषात शिष्यवृत्त्या, मार्गदर्शन, नोकरी आणि पुढचं शिक्षण. 'मेंटॉर-मेंटी योजना' असं तिथे झकास लिहिलेलं असतं. आमचा सल्ला असा की मुलाला विचारा, तुझा मेंटॉर कोण? नाव सांगता आलं तर योजना चालू आहे.

कागदपत्रांची भानगड

मदत मिळण्याआधी विद्यार्थ्याला स्वतःला सिद्ध करावं लागतं, आणि सगळ्यात जास्त गळती इथेच होते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार, बागवान असे बरेच मुस्लिम समाज आहेत. पण जुन्या पिढीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' किंवा 'शेख' लिहिलेलं असतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, म्हणजे आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद, जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा, जुनं खरेदीखत, महसुली कागद. विमुक्त जातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता लागते, आणि ती ऐन ॲडमिशनच्या आठवड्यात मिळत नाही. मूल अकरावीत गेलं की कागद शोधायला घ्या. घरात नसतील तर दादाजान ज्या शाळेत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत हे रजिस्टर बहुतेक सापडतं.

जे ओबीसीत बसत नाहीत, त्यांना ईडब्ल्यूएसचा मार्ग आहे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आलेलं हे १० टक्के आरक्षण मुस्लिमांनाही लागू आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि मालमत्तेच्या अटी आहेत. अल्पसंख्याक संस्थांना मात्र हे आरक्षण बंधनकारक नाही. आपल्यातल्या कित्येकांना अजून वाटतं की ईडब्ल्यूएस 'आपल्यासाठी नाही'. ही समजूत चुकीची आहे.

मुस्लिमांच्या स्वतंत्र आरक्षणाचं काय झालं, असं बरेच वाचक विचारतात. थोडक्यात सांगतो. जुलै २०१४ मध्ये राज्याने मुस्लिमांमधल्या मागास गटांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातल्या पाच टक्क्यांना हात लावला नाही. त्यानंतर अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर झालं नाही आणि डिसेंबरमध्ये तो संपला. कोर्टाने जे ठेवलं होतं, ते विधिमंडळात राहिलं नाही.

पैसा: काय आहे, काय गेलं

पीएचडी करणाऱ्यांसाठी २००९ पासून मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ती २०२२-२३ पासून बंद केल्याचं संसदेत सांगितलं. कारण दिलं की ती इतर फेलोशिपशी जुळते. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी 'पढो परदेस' योजनाही गेली. ज्यांना ओबीसी दाखला नाही त्यांच्यासाठी 'इतर फेलोशिप' म्हणजे नेटचा जेआरएफच उरतो, हे संसदेतल्या उत्तरात कुठे आलं नाही.

राज्यात महाडीबीटी पोर्टलवरून अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती यांचे अर्ज भरता येतात. दोन्हींत अटी वेगळ्या आहेत, आणि एकाच वर्षासाठी दोन्हीकडून फी घेता येत नाही, म्हणून आधी तुलना करा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मं माफ होतं. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही. एजंटच्या नादी लागून कॅप सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी. बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. दुसऱ्या वर्षी रिन्युअलचा अर्ज राहून जातो. किंवा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो आणि क्लार्क पुढे पाठवत नाही. तिसऱ्यासाठी पोर्टलवर अर्जाची स्थिती दर पंधरा दिवसांनी पाहा आणि 'इन्स्टिट्यूट लेव्हलला पेंडिंग' दिसलं तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

शिवाय मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज देतं. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' स्थापन करायला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. हातात नियमित फेलोशिप आणि प्रशिक्षण पडू लागलं की त्यावर वेगळं लिहू. अनेक विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजना आहे, त्यात काम मागायला आपली मुलं लाजतात. लाजायचं कारण नाही.

भाषेचा मुद्दा कुठल्याच तक्त्यात नाही. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेला मुलगा अकरावी सायन्सला किंवा एफवाय बीकॉमला एकदम इंग्रजीत जातो. पहिल्या सेमिस्टरला जे अडकतात, त्यांत असे किती, हे कोणी मोजत नाही. पण कॉलेजने ठरवलं तर प्रवेश अर्जावर शाळेचं माध्यम विचारून दोन महिन्यांचा इंग्रजीचा वर्ग लावणं फार खर्चाचं नाही. ज्यांचं शिक्षण सुटलं आहे, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि उर्दूतून शिकायचं तर हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, हे दोन रस्ते उघडे आहेत.

तक्रार कुठे करायची

यूजीसीच्या २०१२ च्या समानतेसंबंधीच्या नियमांत धर्मावरून होणारा भेदभावही येतो, आणि प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा असं त्यात म्हटलं आहे. तुमच्या कॉलेजात तो आहे का, त्याचा प्रमुख कोण, हे नोटीस बोर्डवर पाहा. पेहरावावरून अडवल्याचे प्रकारही याच कक्षेत विचारता येतात. मुंबईतल्या एका कॉलेजने हिजाब, टोपी वगैरेंवर घातलेल्या बंदीला सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये अंतरिम स्थगिती दिली होती. वर्गात बुरख्याची मुभा मात्र त्यात नव्हती.

एप्रिल २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम जास्त कामाचे आहेत. शिष्यवृत्ती न देणं किंवा उशीर करणं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, अल्पसंख्याक विद्यार्थ्याशी भेदभाव, या सगळ्या तक्रारी त्यात बसतात. कॉलेजच्या समितीने साधारण १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं, आणि लोकपालाने ३० दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा आहे. गेल्या वर्षी एका वडिलांनी आम्हाला सांगितलं की मुलीचा दाखला फीच्या थकबाकीसाठी सहा महिने अडवला होता. या नियमाचा उल्लेख करून समितीकडे अर्ज दिला, आणि चौथ्या दिवशी दाखला हातात आला. समिती बसलीसुद्धा नव्हती.

आणि आकडेच हवे असतील तर माहितीचा अधिकार आहे. शासकीय आणि अनुदानित कॉलेजांना तो लागू होतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून लांबण नको. जमाअत, मोहल्ला कमिटी किंवा माजी विद्यार्थ्यांपैकी कुणीही एकाने आपल्या नावाने असा अर्ज टाकावा:

'आपल्या महाविद्यालयाने गेल्या तीन वर्षांच्या एआयएसएचई फॉर्ममध्ये भरलेली मुस्लिम अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची वर्षनिहाय, अभ्यासक्रमनिहाय आणि मुले-मुलीनिहाय संख्या, तसेच अंतिम वर्षाच्या परीक्षेस बसलेल्या व उत्तीर्ण झालेल्या मुस्लिम अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची संख्या द्यावी.'

उत्तर आलं की त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. विद्यार्थ्यांची नावं नकोत, फक्त आकडे. जिल्हावार तक्ता आम्ही करतोय.